पहिला हिरा जमिनीला

मखमलाबाद, नाशिक
८ ऑक्टोबर २०२५

चि. रविराज यास,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची असं आबांनी शिकवलंय म्हणून केली. मनात आशीर्वाद वगैरे काही नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर सख्ख्या चुलतबहिणीला ब्लॉक केलंस. म्हणून हे स्पीड पोस्ट. पोस्टमनला ब्लॉक करता येत असेल तर करून बघ.

पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवणार आहे. आपला मुलगा पुण्याहून येऊन, माईक हातात घेऊन, चारशे लोकांसमोर बहिणीबद्दल काय बोलला ते मोठ्या आईला कळायला हवं. तिला खेळातलं काही समजत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला कंटाळा आला तरी वाच.

शाळा सुटली की आबांचा टेम्पो फुलबाजारातून मोकळा होईपर्यंत आपण दोघं रविवार कारंज्यापाशी जयरामकाकांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात बसायचो. आबांचा रोजचा हार त्यांच्या दुकानातल्या तसबिरीला जायचा, म्हणून तेवढा विश्वास. तिथे एक मारामारीचं मशीन होतं आणि त्याच्या शेजारी दुसरं. मारामारीतले तेच पैलवान दुसऱ्या मशीनमध्ये बुटके होऊन, भल्यामोठ्या डोक्यांचे होऊन यायचे. म्हणून आपण त्याला ‘बुटके’च म्हणायचो. यात लाथाबुक्क्या आपण मारायच्या नसतात. वरून रंगीत खड्यांच्या जोड्या पडतात, त्या सहा रकान्यांत लावायच्या, एका रंगाचे खडे एकत्र जमवायचे आणि त्याच रंगाचा चमकता गोळा आला की फोडायचे. आपण जेवढे फोडू तेवढे दगड समोरच्याच्या ढिगावर. ढीग वर टेकला की तो हरला. मधे ते बुटके उगीच एकमेकांना गुद्दे घालत राहतात. आणि बऱ्याच वेळाने एकदा हिरा येतो. हिरा ज्या रंगावर पडेल तो रंग सगळाच्या सगळा साफ. रिकाम्या जमिनीवर पडला तर काहीच होत नाही, वाया जातो.

जयरामकाकांचा नियम होता, पहिला हिरा जमिनीला. तो मशीनचा. त्यासाठी डावा रकाना मोकळा ठेवायचा, हिरा आला की तिथे सोडून द्यायचा, पुढचे हिरे आपले. मला तो नियम कधी विचित्र वाटला नाही. आबासुद्धा रोज पहिला हार विकायचे नाहीत, गोदाकाठी गंगेवर देवाला द्यायचे. तसंच हे.

रविवारी कॉलेज रोडवरच्या तुमच्या त्या स्पर्धेत मी तेच केलं. अंतिम सामना माझा आणि वेदिकाचा. वेदिका कोण, तेही तू माईकवर अर्धवट सांगितलंस. ती माझ्या दिरांची मुलगी, निफाडची, कॉलेजसाठी दोन वर्षांपासून आमच्याकडे राहते, आणि घरच्या टीव्हीवर हा खेळ मीच तिला शिकवला. माझा पहिला हिरा मी जमिनीला दिला. तिने तिचा वापरला. माझा ढीग वर टेकला. ती जिंकली. एवढंच झालं होतं.

आणि तू काय म्हणालास? “अरेरे, ताईंनी हिरा चक्क जमिनीवर टाकला! घरचा सामना घरातच मिटवला, मंडळी!” लोक हसले. तुझे ते समितीवाले हसले नाहीत. त्यांनी निकाल राखून ठेवला. आता मी मुद्दाम हरले असं ठरलं तर वेदिकाचं जानेवारीतलं बंगळुरू, पुढची मोठी स्पर्धा, गेलं आणि आम्हा दोघींवर बंदी. पोरीने तिचा कंट्रोलर गुंडाळून कपाटावर टाकलाय. जिंकलेली पोर तोंड लपवून कॉलेजला जाते, रव्या!

तुला तो नियम माहीत आहे. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून तू मोठा झालास. समितीला तसं सांग. दिवाळीच्या आधी.

तुझी (अजून तरी) ताई,
स्नेहल

*

पुणे
१३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,

नमस्कार. उत्तर कागदावरच देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दिलं तर तू त्याचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकशील, आणि मागच्या वेळी ग्रुपवर मला काय काय ऐकावं लागलं ते माझं मला माहीत. आईने काल फोन करून फक्त “लाज वाटते का?” एवढं विचारलं आणि ठेवून दिला. म्हणजे तू पत्र खरंच वाचून दाखवलंस.

आता माझंही ऐक. असा नियम नव्हता.

मी त्या दुकानात पाच वर्षं बसलोय. समाधान, घोटीचा भारत, सगळे पहिला हिरा बिनधास्त वापरायचे. कोणी जमिनीवर टाकल्याचं मला आठवत नाही. टाकायचीस फक्त तू. आणि का टाकायचीस तेही मला ठाऊक आहे. मी तुझ्यासमोर बसलेला असायचो म्हणून! धाकटा भाऊ रडू नये म्हणून तू मला जिंकू द्यायचीस. मी जिंकलो की मागे उभी असलेली पोरं खिदळायची, “हिरा दिला रे तिने तुला.” मी दहा वर्षांचा होतो, पण मूर्ख नव्हतो. त्या दुकानात एकही सामना मी माझ्या बळावर जिंकलो नाही, हे ऐकत मी मोठा झालो. आज या खेळांवर माझं पोट आहे आणि अजून मला ते हसू ऐकू येतं.

त्यामुळे रविवारी तू हिरा सोडलास तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते ठरवून नव्हतं. मला वाटलं, झालं, ताईने पुन्हा कुणावर तरी दया केली. फक्त या वेळी मोठ्या मंचावर.

आणि एक प्रश्न. नियम होता तर तो तू वेदिकालाही शिकवला असणार. मग तिने पहिला हिरा का वापरला? समितीने मला हेच विचारलं. मी या स्पर्धेत भागीदार आहे. बहिणीची बाजू घेतली असती तर उद्या सगळेच म्हणाले असते की भावाने मिटवलं.

त्या दुकानात असा नियम होता असं सांगणारं दुसरं कुणी माणूस आण. समिती महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार आहे. मी एवढंच करू शकलो.

रविराज

*

मखमलाबाद
१७ ऑक्टोबर २०२५

रविराज,

आज आशीर्वादही नाहीत.

मी तुला जिंकू दिलं? तुला? अरे, तुला हरवण्यात मला जो आनंद व्हायचा तो आजवर दुसऱ्या कशात झाला नसेल! तू माझी पतंगाची फिरकी नदीत टाकली होतीस, माझ्या भूगोलाच्या वहीत शाई ओतली होतीस. मी तुझ्यावर दया करीन? तू जे चार सामने जिंकलास ते तू जिंकलास. तुला कोण हसत होतं त्यांना जाऊन विचार ते का हसत होते. माझ्या माथी मारू नकोस.

बाकीची पोरं पहिला हिरा वापरायची हे मलाही माहीत आहे. मला काय डोळे नव्हते? ती नियम मोडायची. मी एकदा काकांकडे तक्रार केली होती, तेव्हा ते म्हणाले होते, “पोरं वांड आहेत गं. तू शहाणी आहेस, तू पाळतेस.” मोडणारे जास्त होते म्हणून नियमच नव्हता असं होतं का? मग सिग्नलही नाहीत म्हण नाशकात.

वेदिकाचं विचारलंस. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, “काकू, पण का?” मी म्हटलं, असंच असतं. ती म्हणाली, “असंच म्हंजे कसं? हिरा काय जमिनीत पेरायचा हाय का?” मी चिडले. तिने तो नियम कधी पाळलाच नाही. त्यावरून आमच्यात दोन महिने धुसफूस होती. जेवतानासुद्धा आम्ही याच्यावर वाद घालायचो, ह्यांना विचार. तिने माझ्यासमोर पहिला हिरा वापरला की मला राग यायचा. रविवारीसुद्धा आला, खोटं कशाला सांगू? पण राग आला म्हणून ती जिंकली नाही असं मी म्हणणार नाही. ती चांगली खेळली. तिचं जिंकणं तिचं आहे आणि ते तुम्ही अडवून धरलंय.

माणूस आणू म्हणतोस, आणते. समाधानचं पंचवटीत हार्डवेअरचं दुकान आहे, त्याच्यापासून सुरुवात करते. सध्या आमच्या रोपांच्या नर्सरीत श्वास घ्यायला फुरसत नाही, झेंडूचे दिवस आहेत, तरी करते.

आणि भाऊबीजेला येऊ नकोस. समितीला पत्र गेल्याचं कळव, मग ताट वाढते.

स्नेहल

*

पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,

येऊ नकोस म्हणालीस तरी मी आलो होतो. आईने सांगितलं असेल. तिने मला पाट मांडून दिला नाही, जेवण मात्र दिलं. मग तुझ्या नर्सरीत आलो तर तू आणि भाऊजी सिन्नरला तुझ्या नणंदेकडे गेलेले. वेदिका एकटी होती, कुंड्या उतरवून घेत होती.

मी म्हटलं, तुझ्या काकूला सांग, रविमामा येऊन गेला. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “मामा, काकू हरली ती खरंच हरली. मला सोडणारी बाई नाय ती. घरी खेळताना मला रडवती. तुम्ही सामने तरी बघितले का सगळे?”

नव्हते बघितले. मी फक्त अंतिम सामन्याला माईकवर होतो, आधीच्या फेऱ्या दुसऱ्यांनी केल्या. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी पुण्याला आल्यावर सगळं चित्रण काढून बघत बसलो. ताई, तू पहिल्या फेरीपासून डावा रकाना मोकळा ठेवला आहेस. प्रत्येक सामन्यात. ज्यांची नावं तुला माहीत नाहीत अशा पोरांसमोरसुद्धा पहिला हिरा जमिनीवर सोडलास. उपांत्य सामन्यात तर तुझा ढीग वर टेकायला आला होता, एका हिऱ्याने सगळं मोकळं झालं असतं, तरी तू तो डावीकडे नेऊन सोडलास, आणि मग उरलेल्या जागेत खेळून जिंकलीस. मी ते तीनदा पाहिलं.

तेव्हा तू वेदिकासाठी सोडला नाहीस, हे मला पटलं. मला लाज वाटली. चित्रण समितीला पाठवलं आहे. ते म्हणतात, सवय दिसते हे मान्य, पण स्पर्धेत आलेली बाई स्वतःचं नुकसान करणारी सवय का लावून घेईल, ते कुणीतरी सांगायला हवं.

समाधानने तुला उडवून लावलं असं कळलं. मीही त्याला फोन केला. मी नियमाचं विचारलं तर तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “जयरामकाकाला विचार ना, त्यालाच ठाऊक.” आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. ते हसू मला ओळखीचं वाटलं, ताई. दुकानातलंच.

जयरामकाका आता सिन्नरला त्यांच्या मुलीकडे असतात, ज्योत्स्नाकडे. नंबर खाली लिहितो. मी जाऊ का? की तू जातेस?

तुझा,
रविराज

*

मखमलाबाद
२ नोव्हेंबर २०२५

चि. रविराज,

मी जाऊन आले. बसमधून येतानाच हे पत्र मनात लिहायला घेतलं होतं, आता कागदावर उतरवते.

ज्योत्स्नाने ओळखलं मला. चहा केला. काका बाहेर ओट्यावर ऊन खात बसले होते, खूप थकलेत, पण मला बघून इतके खूश झाले की मलाच भरून आलं. “आली का माझी चॅम्पियन,” म्हणाले. आबांची चौकशी केली, बाजाराची केली. मग मी विचारलं, काका, पहिला हिरा जमिनीला, हा नियम आपल्या दुकानात कधीपासून होता?

ते हसले. समाधानसारखे नाही, अगदी सहज, लहानपणीची गंमत आठवून हसावं तसे. म्हणाले, “तू अजून पाळती का काय?”

मी म्हटलं, पाळते.

“अगं, तो नियम तुझ्यापुरता होता. बाकी कोणाला नव्हता.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, जशी काही माझ्यावर मेहेरबानी केली होती. मी बुटक्यांवर बसले की कुणाला जिंकू द्यायचे नाही. पोरं एकेक करून हरायची. पोरीकडून मार खाल्ला म्हणून एकमेकांना चिडवायची, मग त्या मशीनकडे फिरकेनाशी झाली. समाधान आणि दोघे-चौघे काकांकडे आले, म्हणाले, हिला बंद करा, नायतर आम्ही नाक्यावरच्या दुकानात जातो. “धंदा होता गं माझा,” काका म्हणाले. “तुला हाकललं असतं तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवणार होतो? हाकलण्यापरीस हे बरं, म्हनलं. तुझा एक हिरा कमी करायचा. पोरांना सांगितलं, आता या, तिला बांधून ठेवलीये. झाली ना परत गर्दी!”

रव्या, पोरांना माहीत होतं. दुकानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुझ्या मागे उभं राहून ती का खिदळायची ते आता कळलं ना? “हिरा दिला रे तिने तुला.” माझा हिरा मी दिलाच नव्हता. तो काकांनी वाटून टाकला होता.

आणि नुसता हिरा नाही. डावा रकाना! हिरा येईपर्यंत तो मोकळा ठेवायचा म्हणजे सहा रकान्यांच्या खेळात मी पाचांतच खेळायचे. आजपर्यंत पाचांत खेळत आले. पंचवीस वर्षांनी परत खेळायला लागले तेव्हाही पाचांत. कॉलेज रोडवर, अनोळखी पोरांसमोर, बहिणीवर तू लोकांना हसवलंस त्या मंचावर, पाचांत. आणि वर माझ्याच पुतणीवर चिडत होते, की ही सहा का वापरते!

मी म्हटलं, काका, मला सांगायचं तरी होतं. नंतर तरी. दुकान बंद झालं तेव्हा तरी.

ते म्हणाले, “तू विचारलंच नाय कधी. शहाणी पोर होतीस.”

हा शब्द, रव्या. ‘शहाणी.’ सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला. तो मी जपून ठेवला होता रे. दहावीला कमी मार्क पडले तेव्हा, लग्नानंतर सासूबाईंनी नर्सरीला नाही म्हटलं तेव्हा, मी स्वतःला सांगायचे की मी नियम पाळणारी आहे, पोरं वांड आहेत. आणि तो नियम होता माझे हात बांधायचा. मी आपली तो देवाचा हार समजून रोज वाहत होते. माझ्याएवढी मूर्ख बाई नाशिक जिल्ह्यात नसेल! नाही, हेही मी का म्हणू? मूर्ख मी नाही. बारा वर्षांच्या पोरीने मोठ्या माणसावर विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं?

मी ओरडले. ओट्यावर उभी राहून, म्हाताऱ्या माणसावर, शेजारच्या बायका बाहेर येईपर्यंत ओरडले. मला त्याचं वाईट वाटत नाही. काकांना खरंच कळत नव्हतं की एवढं काय झालं. ज्योत्स्ना मात्र दारातच उभी होती. ती म्हणाली, “अण्णा, मला तर तुम्ही दुकानाची पायरीसुद्धा चढू दिली नव्हती.” मग तीच म्हणाली, आत्ता जे बोललात ते पुन्हा बोला, आणि तिने फोनवर ते सगळं चित्रित करून घेतलं. काकांनी नाही म्हटलं नाही. सगळं सांगितलं, समाधानच्या नावासकट.

ते चित्रण वेदिकाच्या फोनवरून तुला पाठवलंय. समितीला दे. हे चारचौघांत गेलं की माझं हसं होईल, मला माहीत आहे. स्नेहलबाई पंचवीस वर्षं एक खोटा नियम खरा धरून बसल्या म्हणतील. म्हणू देत. वेदिकाचं बंगळुरू त्याहून महत्त्वाचं आहे.

पण एक अट आहे. तू नुसतं पत्र पाठवून मोकळा होणार नाहीस. माईकवर बोलला होतास, माईकवरच बोलायचं.

स्नेहल

*

पुणे
११ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

परवा बोललो. आमचा दर रविवारचा थेट कार्यक्रम असतो, त्यात. तू पाहिला नसशील, म्हणून लिहितो. आधी तुझा उपांत्य सामना दाखवला, मग काकांचं बोलणं ऐकवलं, मग म्हणालो की पाच ऑक्टोबरला मी माझ्या बहिणीबद्दल आणि वेदिकाबद्दल जे बोललो ते खोटं होतं, आणि त्याबद्दल मी दोघींची माफी मागतो. पुढे बोलायचं ठरवलं होतं, पण माईक खाली ठेवला. माझ्या जोडीदाराने कार्यक्रम पुढे नेला.

समितीने निकाल जाहीर केला. वेदिका जिंकली. तिला आजच रीतसर मेल गेला आहे. तिला सांग, मामाने कार्यक्रमात कबूल केलं की सामने न बघताच बोललो.

समाधानचा फोन आला होता, शिव्या द्यायला. लहानपणची थट्टा होती, तिचं एवढं काय करायचं, म्हणाला. मी म्हटलं, थट्टा होती तर त्या पोरीला का नाही सांगितली? थट्टा सगळ्यांना कळते ना? त्याने फोन आपटला.

ताई, मी इतकी वर्षं तुझ्यावर डूख धरून होतो. मला वाटायचं, मी तुझ्या दयेवर जिंकलो. आता कळतंय की मी त्या पोरांच्या कारस्थानावर जिंकलो, आणि ते मला हसत होते ते त्याच्यामुळे. हे जास्त वाईट आहे. आणि तेवढं करूनही मी चारच सामने जिंकलो, हेही लक्षात आलं बरं का.

एक चांगली बातमी. समितीने ठरवलंय की झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून तुला बंगळुरूला थेट मानाचा प्रवेश द्यायचा. पात्रता फेरी नाही, काही नाही. मंचावर तुझा सत्कारही करणार आहेत, शाल वगैरे. मी हो म्हणून ठेवलं आहे. तू आणि वेदिका बरोबरच या.

तुझा,
रविराज

*

मखमलाबाद
१८ नोव्हेंबर २०२५

चि. रविराज यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

कार्यक्रम पाहिला. आम्ही सगळ्यांनी पाहिला, मोठी आईसुद्धा येऊन बसली होती. तू माईक खाली ठेवलास तेव्हा ती म्हणाली, “पाट मांडायला पायजे होता त्याला.” तेव्हा ये. भाऊबीज उरकून टाकू, तिथी गेली तर गेली.

वेदिकाने कंट्रोलर कपाटावरून काढला. मेल आला त्या दिवशी निफाडहून तिचे आईवडील आले, द्राक्षांची छाटणी सोडून. जाऊबाईंना अजून वाटतं की पोरीला कॉलेजातर्फे कसला तरी अभ्यासाचा नंबर मिळालाय. आम्ही तसंच राहू दिलंय.

आता तुझ्या चांगल्या बातमीबद्दल. कुणाला विचारून हो म्हणालास?

मला मानाचा प्रवेश नको. शाल तर अजिबात नको. पुन्हा एकदा चार पुरुष बसले आणि त्यांनी ठरवलं की स्नेहलसाठी वेगळा नियम करू या! तेव्हा माझा एक हिरा काढून घेतला, आता एक जास्तीचा देताय. मला कुणी विचारलं तेव्हा? आता तरी विचारलं? तुमच्या भरपाईने उद्या मी बंगळुरूला जिंकले तर मागे उभी असलेली पोरं काय म्हणतील ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? समितीला कळव की मी नको म्हटलं. आणि त्यांना राग आला तर माझा नंबर दे, मी बोलते.

डिसेंबरात पुण्यात तुमची दुसरी पात्रता फेरी आहे ना? तिथे माझं नाव घाल. पहिल्या फेरीपासून, सगळ्यांसारखं, जे कोण समोर येईल त्याच्याशी. तू त्या दिवशी माईकवर असलास तरी चालेल.

आणि काल काय झालं ते सांगते. संध्याकाळी वेदिकाबरोबर खेळायला बसले. ठरवलं होतं की आता पहिला हिरा वापरायचा. ठरवणं सोपं आहे. हिरा आला आणि माझा हात आपोआप डावीकडे गेला. रकानाही मोकळाच होता, तोही मी नकळत मोकळा ठेवला होता! हिरा खाली उतरत होता आणि मी नुसती बघत होते. इतका राग आला मला त्या हाताचा. वेदिका तिचं तिचं खेळत राहिली. मग मी तो उजवीकडे ओढला आणि लाल ढिगावर सोडला.

सगळे लाल खडे गेले, रव्या. सगळे. अर्धा पडदा रिकामा झाला आणि वेदिकाच्या डोक्यावर दगडांचा पाऊस. तिचा बुटका आडवा. तिने कंट्रोलर गादीवर आपटला आणि माझ्यावरच खेकसली, “काकू! हे येत होतं तर इतके दिवस का नाय केलं?”

मी म्हटलं, “मी विचारलंच नव्हतं.”

ती म्हणाली, “आता पुन्हा लावा.” जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही खेळत होतो. ह्यांनी शेवटी स्वतःच खिचडी टाकली. किती सामने झाले ते मोजले नाहीत, पण डावा रकाना एकदाही मोकळा राहिला नाही.

नाव घालायला विसरू नकोस.

तुझी ताई,
स्नेहल